सर्व्हर, सामायिक स्टोरेज आणि मधली वाट

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छे आणि होनगा इथल्या औद्योगिक वसाहतींत किंवा निपाणी-चिकोडीकडच्या मोठ्या पतसंस्थांत गेल्या काही वर्षांत संगणकखोलीचे रूप पालटले आहे. पूर्वी कोपऱ्यातल्या टेबलाखाली एक सर्व्हर असे आणि संस्थेचा सगळा हिशेब त्याच्याच पोटातल्या डिस्कवर असे. आता रॅकमध्ये दोन-तीन सर्व्हर, त्यांच्यावर चालणारी आभासी यंत्रे (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) आणि त्या सर्वांची माहिती सांभाळणारा एकच स्टोरेज अ‍ॅरे, म्हणजे अनेक डिस्कची एक पेटी, अशी मांडणी सर्रास दिसते. खोली लहान असली तरी कामाच्या दृष्टीने ते डेटा सेंटरच असते आणि तिथे सर्व्हर व स्टोरेज यांची जोडणी करून देणे हा माझा व्यवसाय आहे. केबल लावली आणि सर्व्हरला डिस्क दिसू लागली की जोडणी झाली, असे बहुतेकांना वाटते. माझे मत वेगळे आहे. हा दुवा तुटेल तेव्हा सर्व्हरने किती वेळ थांबायचे, कोणत्या दुसऱ्या वाटेने जायचे आणि कुठलीच वाट उरली नाही तर काय करायचे, हे आधी ठरवून, लिहून ठेवून आणि प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय जोडणी पूर्ण झाली असे मी मानत नाही.

सामायिक स्टोरेज घ्यावेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आभासी यंत्र सर्व्हरच्या आतल्या डिस्कवर असले, तर त्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेल्यावर डिस्क शाबूत असूनही माहिती अडकून पडते. तीच माहिती बाहेरच्या अ‍ॅरेवर असेल तर दुसरा सर्व्हर ते यंत्र काही मिनिटांत उभे करतो आणि दुरुस्तीसाठी एखादा सर्व्हर बंद करायचा झाल्यास त्यावरचे काम न थांबवता ते दुसरीकडे हलवता येते. मात्र या सोयीबरोबर डिस्क आणि सर्व्हर यांच्यामध्ये नेटवर्क येऊन बसते. आतली डिस्क हातभर केबलने जोडलेली असते आणि ती मध्येच नाहीशी होईल, हे ऑपरेटिंग सिस्टीमने फारसे गृहीत धरलेले नसते. नेटवर्क मात्र गर्दीने मंदावते, स्विच रीस्टार्ट झाला की क्षणभर नाहीसे होते, कोणी झाडलोट करताना केबलला पाय लागला तरी तुटते. या क्षेत्रातल्या बहुतेक अडचणी या एकाच विसंगतीतून जन्माला येतात.

जोडणीचे मूळ प्रकार दोन. पहिल्यात फाइल सिस्टीम, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची मांडणी, स्टोरेज स्वतः सांभाळते आणि सर्व्हर त्याच्याकडे फाइल मागतो. लिनक्स-युनिक्सकडे हे काम एनएफएस करते, विंडोजकडे एसएमबी. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणले आणि त्याची १९९५ साली प्रसिद्ध झालेली तिसरी आवृत्ती आजही असंख्य ठिकाणी चालू आहे. दुसऱ्या प्रकारात स्टोरेज नुसते ब्लॉक, म्हणजे जागेचे कोरे कप्पे, देते. अ‍ॅरेवरच्या जागेचा एक तुकडा कापून तो सर्व्हरला कोऱ्या डिस्कसारखा दाखवला जातो, त्या तुकड्याला आम्ही लन म्हणतो. त्यावर कोणती फाइल सिस्टीम घालायची, फाइली कुठे ठेवायच्या, हे सगळे सर्व्हर ठरवतो. स्टोरेजला फाइल म्हणजे काय हे ठाऊकही नसते.

या दुसऱ्या प्रकाराविषयी एक गैरसमज मला वारंवार भेटतो आणि तो अत्यंत महागात पडणारा असल्यामुळे त्यावर थोडे थांबते. स्टोरेज सामायिक आहे, तेव्हा एकच लन दोन सर्व्हरना दिला की दोघांनाही त्याच फाइली दिसतील आणि दोघेही त्यात लिहू शकतील, असे समजले जाते. दोन्ही सर्व्हरना डिस्क दिसते, दोघांवर माउंटही होते, म्हणजे वापरासाठी जोडली जाते, काही वेळ सर्व ठीक चालल्यासारखेही वाटते. पण एक्स्ट४, एक्सएफएस किंवा एनटीएफएस या फाइल सिस्टीम एका वेळी एकच सर्व्हर लिहिणार, असे गृहीत धरून बनवलेल्या आहेत. कोणता ब्लॉक रिकामा आणि कोणता भरलेला, याची नोंद प्रत्येक सर्व्हर आपापल्या मेमरीत धरून ठेवतो आणि दुसऱ्याने दरम्यान काय बदलले ते त्याला कळण्याची सोयच नसते. पतसंस्थेत दोन कारकुनांनी एकाच खतावणीतली सकाळची शिल्लक आपापल्या डोक्यात धरून, एकमेकांशी न बोलता दिवसभर त्याच पानावर नोंदी कराव्यात, तसाच हा प्रकार. सर्व्हरच्या बाबतीत संध्याकाळी जुळणी करणाराही कोणी नसतो. एकाने लिहिलेल्या ब्लॉकवर दुसरा लिहितो आणि फाइल सिस्टीम अशा रीतीने विस्कटते की दुरुस्तीच्या साधनांनाही ती धड जुळवता येत नाही.

म्हणून एकच लन अनेक सर्व्हरना द्यायचा असेल, तर एकमेकांना विचारून लिहिणारी फाइल सिस्टीमच हवी. व्हीएमवेअरची व्हीएमएफएस, लिनक्सवरच्या जीएफएस२ आणि ओसीएफएस२, विंडोजची क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूमची व्यवस्था या त्यासाठीच आहेत. त्यांतही सर्व्हरांचा एकमेकांशी संपर्क तुटला, तर कोणी थांबायचे याचा निवाडा करावा लागतो. त्यासाठी डिस्कवरच आरक्षण नोंदवण्याची सोय स्कझी या डिस्कशी बोलण्याच्या आज्ञासंचाच्या तिसऱ्या पिढीत आलेली आहे आणि क्लस्टर, म्हणजे एकमेकांचे काम उचलणाऱ्या सर्व्हरांचा गट, उभारताना आपला अ‍ॅरे ती सोय नीट पाळतो का, हे मी पहिल्याच दिवशी तपासते. दोन सर्व्हरना फक्त फाइली वाटून वापरायच्या असतील, स्कॅन केलेले कागद किंवा रेखाचित्रे एवढेच असेल, तर ब्लॉकच्या वाटेला न जाता सरळ एनएफएस किंवा एसएमबी घ्यावे. तिथे कुलूप लावण्याचे काम स्टोरेज करते आणि आपल्या डोक्यामागचा एक मोठा व्याप जातो.

ब्लॉकसाठी फायबर चॅनेल की आयस्कझी, यावर लोक हिरिरीने बोलतात. फायबर चॅनेल हे स्टोरेजसाठीच घडवलेले स्वतंत्र नेटवर्क आहे. समोरच्याकडे जागा असल्याशिवाय फ्रेम, म्हणजे माहितीचा एक तुकडा, पाठवायचीच नाही, हा त्याचा मूळ नियम, त्यामुळे गर्दीत फ्रेम टाकून देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आयस्कझीमध्ये त्याच स्कझी आज्ञा टीसीपीच्या पाकिटात घालून साध्या इथरनेटवरून नेल्या जातात. त्याचे प्रमाणित रूप २००४ मध्ये आले आणि त्याचे ठरलेले पोर्ट ३२६०. मोठ्या रुग्णालयात किंवा बँकेच्या मुख्य केंद्रात फायबर चॅनेलचे ३२ गिगाबिटचे स्विच शोभून दिसतात आणि आपला खर्च वसूल करतात. आपल्या भागातल्या मध्यम कारखान्याला मी मात्र १० किंवा २५ गिगाबिटच्या इथरनेटवर आयस्कझी सुचवते आणि त्याचे कारण वेगाशी फारसे निगडित नाही. इथरनेटचा स्विच बिघडला तर तात्पुरता दुसरा त्याच दिवशी शहरात मिळण्याची शक्यता असते आणि तो समजणारा माणूसही मिळतो. फायबर चॅनेलचा सुटा भाग पुण्याहून किंवा बेंगळुरूहून यायची वाट पाहावी लागते, आणि त्याचे झोनिंग, म्हणजे कोणत्या पोर्टने कोणाशी बोलायचे याची स्विचवरची वाटणी, समजणारा माणूस त्याहूनही दुर्मीळ. तुटल्यावर काय, हा प्रश्न खरेदीच्या आधीच विचारायचा तो असा. एनव्हीएमई ओव्हर टीसीपी ही नवी पद्धतही आता नव्या अ‍ॅरेंमध्ये मिळू लागली आहे आणि फ्लॅशच्या डिस्कना तीच अधिक साजते. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम आणि अ‍ॅरे दोन्ही तिला अधिकृत पाठिंबा देत असतील तर तिचा विचार जरूर करावा.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळते. स्टोरेजचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवणे ही पहिली अट आणि तिच्यात मी तडजोड करत नाही. ज्या स्विचवर प्रिंटर, कॅमेरे आणि हजेरीची यंत्रे आहेत, त्याच स्विचवर डिस्कची वाट टाकली की कोणी एखादी केबल चुकून दोन्ही टोकांनी त्याच स्विचला लावण्याचा अवकाश, सगळ्या सर्व्हरच्या डिस्क एकदम गोठतात. दुसरी अट, वाटा दोन हव्यात आणि त्या शेवटपर्यंत दोनच राहायला हव्यात. प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन वेगळी नेटवर्क कार्डे, दोन वेगळे स्विच, अ‍ॅरेचे दोन कंट्रोलर (त्याच्या डिस्क चालवणारे भाग), आणि हे सगळे दोन वेगळ्या यूपीएसवर. एकाच कार्डावरचे दोन पोर्ट वापरले की कागदावर वाटा दोन दिसतात, पण कार्ड गेले की दोन्ही जातात. दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर असले तरी गत तीच. आयस्कझीत प्रत्येक वाटेला वेगळे सबनेट, म्हणजे पत्त्यांचा स्वतंत्र गट, द्यावे आणि दोन्ही स्विच एकमेकांना जोडू नयेत, म्हणजे एका बाजूचा गोंधळ दुसऱ्या बाजूला पोहोचत नाही. प्रत्येक बाजूला दोन्ही कंट्रोलरचा एकेक पोर्ट असला की सर्व्हरला प्रत्येक लनसाठी चार वाटा दिसतात. सहसा त्यांतल्या दोन लन सांभाळणाऱ्या कंट्रोलरकडे थेट जाणाऱ्या असतात आणि उरलेल्या दोन राखीव.

या चार वाटांना एकच डिस्क मानण्याचे काम सर्व्हरवरचे मल्टिपाथ सॉफ्टवेअर करते. ते न बसवता वाटा जोडल्या, तर सर्व्हरला एकाच लनच्या जागी चार वेगवेगळ्या डिस्क दिसतात आणि कोणीतरी त्यांतल्या दोन स्वतंत्रपणे वापरायला घेण्याचा धोका उभा राहतो. इथे नेटवर्कवाल्या मित्रांशी माझा नेहमी वाद होतो, कारण दोन केबल दिसल्या की त्यांचा हात सवयीने बाँडिंगकडे, म्हणजे दोन केबलची मिळून एकच वाट करण्याकडे, जातो. एनएफएससाठी बाँडिंग ठीक आहे. आयस्कझीत मात्र दोन्ही केबलना स्वतंत्र पत्ते द्यावेत आणि वाट निवडण्याचे काम मल्टिपाथवर सोपवावे. बाँडिंगला फक्त केबल जिवंत आहे की नाही एवढेच कळते, तर मल्टिपाथ त्या वाटेने थेट डिस्कपर्यंत विचारणा करून पाहते. केबल आणि स्विच ठणठणीत असूनही पलीकडचा कंट्रोलर बसलेला असू शकतो आणि ते बाँडिंगला समजणार नाही.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करताना एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे धूळ. साच्यांच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची पूड मिसळलेली असते, तिचा बारीक काळसर थर संगणकखोलीचे दार कितीही बंद ठेवले तरी रॅकवर साचतोच. फायबरच्या केबलीत ज्या काचेच्या गाभ्यातून प्रकाश जातो तो ओएम३ आणि ओएम४ या प्रकारांत ५० मायक्रॉनचा असतो आणि सिंगलमोडमध्ये सुमारे ९ मायक्रॉनचा. अशा टोकावर एक कण बसला तरी प्रकाश अडतो. वाट पूर्ण तुटत नाही, त्यामुळे हा दोष फार त्रास देतो. स्विचवरचा दिवा हिरवाच राहतो, पण चुकीच्या फ्रेमचा आकडा हळूहळू चढतो आणि हिशेबाचा अहवाल निघायला दुपारी अकारण उशीर होऊ लागतो. म्हणून पोर्टची टोपी मी केबल लावायच्या क्षणापर्यंत काढत नाही. काढलेल्या टोप्या बंद डबीत ठेवते. प्रत्येक टोक लावण्यापूर्वी साफ करण्याच्या पेनने एकदा पुसते, पेन दाबल्यावर आतली फीत सरकल्याचा आवाज आला की मगच टोक आत जाते. एसएफपीचे, म्हणजे केबल जिच्यात शिरते त्या पोर्टमधल्या प्रकाशाच्या डबीचे, तोंडही तसेच पुसते, कारण केबल स्वच्छ आणि तोंड मळके असले तर मळ केबलवर येतो. जोडून झाल्यावर दोन्ही टोकांकडची प्रकाशाची ताकद स्विचवर वाचून वहीत लिहून ठेवते. पुढे कधी शंका आली की त्या आकड्याशी ताडून पाहता येते. ओएम४ केबलवर १० गिगाबिट इथरनेट ४०० मीटरपर्यंत आणि २५ गिगाबिट १०० मीटरपर्यंत जाते. आपल्या खोल्यांना अंतर पुरून उरते. घात होतो तो केबलला घट्ट वळण देऊन प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधल्यामुळे.

लेबलांविषयीही आपल्या भागापुरते सांगण्यासारखे आहे. रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन कन्नड बोलणारा, हिशेब विभाग मराठी, फोनवरून मदत करणारा इंजिनिअर इंग्रजीत बोलणारा, अशी आपल्याकडची नेहमीची घडी असते. त्यामुळे मी वाटांना रंग देते. पहिल्या बाजूच्या स्विचला, केबलच्या दोन्ही टोकांना, कार्डाला आणि पॉवरच्या केबललाही निळी पट्टी, दुसऱ्या बाजूच्या सगळ्याला लाल. फोनवर मध्यरात्री कोणालाही ‘निळ्या बाजूची केबल कुठे लागली आहे?’ असे विचारता येते आणि निळी केबल लाल स्विचमध्ये गेलेली असली तर ती नजरेलाच खुपते.

कोणाला कोणता लन दिसावा, हे बंधन घालणेही जोडणीचाच भाग आहे. फायबर चॅनेलमध्ये प्रत्येक पोर्टचे सोळा अंकी नाव असते, आयस्कझीत ‘आयक्यूएन’ने सुरू होणारे लांबलचक नाव. अ‍ॅरेवर लन त्या नावालाच बांधावा, सगळ्यांना खुला ठेवू नये. स्विचवर झोन करताना एका झोनमध्ये एकच सर्व्हरपोर्ट ठेवावा, म्हणजे एका सर्व्हरच्या चाळ्यांचा त्रास दुसऱ्याला होत नाही. नवा विंडोज सर्व्हर बसवताना त्याला दुसऱ्याचा लन कोरी डिस्क म्हणून दिसला आणि कोणी ‘इनिशियलाइज’वर क्लिक केले की काय होईल, याची कल्पना केली तरी या बंधनाचे मोल कळते.

जंबो फ्रेमबद्दल थोडक्यात. फ्रेमचा आकार १५०० वरून ९००० केल्याने प्रोसेसरवरचा भार काहीसा हलका होतो, पण तो सर्व्हर, दोन्ही स्विच आणि अ‍ॅरे या सगळ्यांवर जुळला पाहिजे. एक जरी मागे राहिला, तरी लहान निरोप सुखरूप जातात आणि मोठे लिखाण मध्येच अडते, त्यामुळे डिस्क दिसते पण कॉपी करताना सगळे लटकते. तपासण्याची पद्धत सोपी आहे. तुकडे करू नयेत अशी सूचना देऊन ८९७२ बाइटचे पिंग पाठवावे, त्यात आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट मिळवले की ९००० होतात. सगळीकडे ९००० राखण्याची खात्री नसेल तर १५०० वरच थांबावे.

आता कालमर्यादा. माझ्या मते सगळ्यांत जास्त विचार इथे व्हायला हवा आणि सगळ्यांत कमी विचार इथेच होतो. लिनक्समध्ये डिस्ककडे पाठवलेल्या आज्ञेची वाट सहसा ३० सेकंद पाहिली जाते. आयस्कझीची वाट तुटली तर ती परत येण्याची वाट आपोआप १२० सेकंद पाहिली जाते. एकच वाट असेल तेव्हा हा संयम योग्य असतो, पण दोन वाटा असताना पहिली मेली आहे हे ठरवायला दोन मिनिटे लावणे म्हणजे दुसरी वाट असून नसल्यासारखी. मल्टिपाथ असेल तिथे ही मर्यादा ५ सेकंदांवर आणावी. याला एक जोडप्रश्न आहे, सगळ्याच वाटा गेल्या तर काय? एक पर्याय असा की लिखाण रांगेत धरून अनिश्चित काळ वाट पाहायची, दुसरा असा की लगेच चूक कळवायची. लगेच चूक कळवली तर एक्सएफएस फाइल सिस्टीम स्वतःला बंद करून घेते आणि एक्स्ट४ बहुधा केवळ वाचण्यापुरती उरते, म्हणजे वाट दहा सेकंदांत परत आली तरी काम माणसाने येऊनच सुरू करावे लागते. अनिश्चित काळ थांबवले तर सर्व्हर जिवंत दिसतो, पण त्यावरचे काहीच हलत नाही आणि क्लस्टरमधला दुसरा सर्व्हर काम उचलायला तयार असूनही त्याला संधी मिळत नाही.

एकट्या सर्व्हरवर हिशेबाचा डेटाबेस असेल तर मी मर्यादित रांग ठेवते. मल्टिपाथ वाटांची तपासणी दर ५ सेकंदांनी करत असेल आणि १२ फेऱ्या थांबायला सांगितले, तर साधारण एक मिनिटाची मुदत मिळते. कंट्रोलर बदलताना किंवा अ‍ॅरेचे फर्मवेअर बदलताना लागणारा वेळ बहुधा तेवढ्यात निभावतो. क्लस्टर असेल तिथे रांग आखूड ठेवते, म्हणजे जोडीदार लवकर पुढे येतो. एनएफएसच्या बाबतीत माउंट नेहमी ‘हार्ड’ ठेवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ‘सॉफ्ट’ ठेवले की वेळ संपल्यावर प्रोग्रामला चूक कळवली जाते, ती चूक नीट हाताळणारे प्रोग्राम थोडे असतात आणि अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण समजून पुढे जाणारे पुष्कळ.

स्विचकडची एक जुनी गोष्ट या हिशेबात हमखास विसरली जाते. पारंपरिक स्पॅनिंग ट्री (केबलचा फेरा होऊ न देणारी सोय) चालू असलेल्या स्विचवर केबल लागल्यावर पोर्ट लगेच वाहतूक सुरू करत नाही, १५ सेकंद ऐकतो आणि १५ सेकंद शिकतो. ही ३० सेकंदे आणि डिस्कची ३० सेकंदांची मर्यादा एकमेकांवर आली की केबल परत लावूनही डिस्क गेल्याची नोंद होऊ शकते. सर्व्हर आणि अ‍ॅरे लागलेले पोर्ट कडेचे पोर्ट म्हणून जाहीर केले की हा विलंब टळतो.

एवढे सगळे ठरवून झाल्यावर मी तोडून पाहते. सुट्टीच्या दिवशी, संस्थेचा जबाबदार माणूस शेजारी उभा असताना, डिस्कवर सतत लिहिणारा एक प्रोग्राम चालू ठेवते आणि पहिल्या सर्व्हरची निळी केबल उपटते. एका कारखान्यातले व्यवस्थापक ते पाहून चपापले आणि म्हणाले, “मॅडम, चालू असतानाच काढताय काय ओ?” मी त्यांना म्हटले, “अण्णा, बंद करून काढली तर आपल्याला काय कळणार? आज आपण दोघं इथं उभे आहोत, रात्री दोनला कोणी नसणार.” मग आम्ही दोघांनी पडद्याकडे पाहिले. लिखाणाचा आकडा शून्यावर आला, तसाच राहिला, आणि मनात पाचपर्यंत मोजून होते न होते तोच पुन्हा धावू लागला. मल्टिपाथच्या यादीत चारपैकी दोन वाटा निकामी दिसत होत्या आणि लाल बाजूच्या दोन चालू. केबल परत लावली तेव्हा निकामी वाटा थोड्या वेळाने आपोआप परतल्या. त्यानंतर निळ्या स्विचची वीज काढली, मग एक कंट्रोलर बंद केला, मग हेच लाल बाजूला. प्रत्येक वेळी काम किती सेकंद थांबले ते व्यवस्थापकांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिले आणि तो कागद रॅकच्या दारावर आतून चिकटवला.

सगळ्यांत शेवटी संपूर्ण खोलीची वीज काढून परत देण्याची चाचणी असते आणि ती आपल्याकडे टाळताच येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसात किंवा जुलैच्या झडीत बेळगावात वीज जाते आणि कधी इतका वेळ जाते की यूपीएसही संपतो. वीज परत येते तेव्हा सगळी यंत्रे एकदमच उठतात. सर्व्हर काही मिनिटांत तयार होतो, अ‍ॅरेला आपली तपासणी पूर्ण करायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. अशा वेळी सर्व्हरला डिस्क सापडत नाही आणि लिनक्स सुरू होता होता आणीबाणीच्या पडद्यावर थांबते. यासाठी आधी स्विच, मग अ‍ॅरे, मग सर्व्हर असा क्रम पॉवरपट्टीच्या विलंबाने किंवा सर्व्हरच्या बायोसमधूनच बांधून द्यावा. माउंटच्या यादीत ही डिस्क नेटवर्कवरची आहे असे नोंदवावे, म्हणजे नेटवर्क उठण्याआधी तिचा शोध सुरू होत नाही. ती नसली तरी बूट थांबवू नये, अशीही सूचना तिथेच द्यावी. आणखी एक गाठ लक्ष देऊन सोडवावी लागते. अ‍ॅरेचा पत्ता नावाने लिहिलेला असेल आणि ते नाव सांगणारा डीएनएस सर्व्हर त्याच अ‍ॅरेवरच्या आभासी यंत्रात असेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. स्टोरेजचे पत्ते म्हणून मी आकड्यांतच लिहिते.

दुसऱ्या गावी जिवंत प्रत ठेवता येईल का, असे पतसंस्थांचे संचालक अलीकडे आवर्जून विचारतात. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटरवर जाऊन परत यायला १ मिलिसेकंद. बेळगाव-कोल्हापूर अंतर रस्त्याने ११० किलोमीटरच्या आसपास आहे आणि फायबरची वाट सहसा रस्त्याहून लांबच पडते. प्रत्येक नोंद तिकडे पोहोचल्याची पावती आल्यावरच इथले लिखाण पूर्ण मानायचे ठरवले, तर फ्लॅशच्या अ‍ॅरेवर एरवी मिलिसेकंदाच्या आत होणारे काम कित्येक पटींनी रेंगाळते आणि महामार्गाच्या खोदकामात फायबर तुटला की प्रश्न अधिकच गंभीर होतो. उद्यमबाग ते खडेबाजार एवढ्या अंतरात अशी तंतोतंत जोडी ठेवता येते. कोल्हापूर, पुणे किंवा बेंगळुरूला काही मिनिटे मागे राहणारी प्रत पाठवावी आणि मधल्या काही मिनिटांच्या नोंदी कागदोपत्री परत भरता येतील अशी व्यवस्था ठेवावी. अशी प्रत असली तरी स्वतंत्र बॅकअप लागतोच, कारण इथे पुसलेली फाइल तिकडेही तितक्याच इमानाने पुसली जाते.

जोडणी हाती सोपवताना मी देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सूचना बसवते आणि तिच्याविना काम पूर्ण झाल्याची सही घेत नाही. दोन वाटांच्या मांडणीतला सर्वांत वाईट बिघाड आवाज न करता होतो. एक वाट मरते, दुसरीवर सगळे सुरळीत चालते, महिनोन्महिने कोणाला पत्ता लागत नाही, आणि मग एके दिवशी दुसरी वाट जाते. डिस्क दिसते की नाही हे तपासून हे कळत नाही. प्रत्येक लनला किती वाटा जिवंत आहेत हे मोजावे लागते. चार अपेक्षित असताना तीन दिसल्या की त्याच तासाला संदेश जावा, आणि तो माझ्या फोनबरोबर संस्थेतल्या एका माणसाच्या फोनवरही जावा, ज्याला निळी बाजू कोणती आणि लाल कोणती हे रॅकसमोर उभे करून दाखवलेले आहे.